चढाच्या आधीचा गिअर

...नाही, पण मला एवढंच सांगा, मुलगी बघायला आलेल्या माणसाला कांद्याच्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टरवर बसवतात का कुणी? आमच्या मामांनी आधीच थाप ठोकलेली, "भाचा झोपेतसुद्धा गाडी चालवतो." गाडी म्हणजे मनमाडच्या डॉक्टरांची जीप हो! पण मुलीचे वडील सहादूबाबा खूष. "मंग चला की लासलगावला, तुम्हीच घ्या ट्रॅक्टर." नाही म्हणायचं ना मी? पण मुलगी दारातून बघून हसली, आणि आपण कॉलर ताठ करून चढलो वर.

सपाटीला झकास चाललो. मग नाल्याचा चढ आला, ट्रॅक्टर धापा टाकायला लागला. जीपला काय करतो आपण? क्लच दाबायचा, खालचा गिअर टाकायचा, पडतो. तसंच केलं... आणि असा खर्रर्र आवाज आला की मागच्या गाडीचे बैल बुजले! तुम्हाला सांगतो, त्या जुन्या ट्रॅक्टरच्या पोटात दातेरी चाकं आपापल्या वेगानं फिरतात, वेग जुळल्याशिवाय दातात दात जात नाही. सहादूबाबा ट्रॉलीतून ओरडतायत, "पाव्हणं, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबा, मंग टाका!" अहो, मी न्यूट्रल करेपर्यंत ट्रॅक्टर उभा राहिला, आणि मग मागं... मागं यायला लागला! शकुबाई, म्हणजे मुलीची आई, कांद्यावर बसून शांतपणे म्हणतात, "गिअर चढाच्या आधी टाकायचा असतो, बाबा."

आधी! हे आधी सांगायचं की नाही?

मी दोन्ही पायांनी ब्रेक धरून बसलो. लोकांनी चाकांमागं दगड लावले. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून, वाकून, मला तोंडावर सांगून जातो, "गिअर चढाच्या आधी टाकायचा असतो." कळलं हो! दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून वर काढेपर्यंत मी जागचा हललो नाही. हिंमत कसली, पायच उचलेनात.

आता नकारच येणार, ती मुलगी काही आपली होत नाही, म्हणून मला रडूच यायला लागलं. तर सहादूबाबा ट्रॉलीत शेजारी बसलेल्या मामांना म्हणतात, "ड्रायव्हर म्हणून नाय, पण जावई म्हणून पसंत हाय. एवढं झालं तरी पोरानं बसली जागा सोडली नाय. आम्हाला घरजावईच पाहिजे व्हता."

झालं... मनमाडला परत गेलो तो फक्त कपडे आणायला.