सासूबाईंचा कान

मी मूळचा नाते गावचा. बाप शेतकरी, घरात मशीन म्हणाल तर एक शिवणयंत्र, ते पण बंद. नववीत असताना ते मी खोललं आणि चालू केलं, म्हणून बाप म्हणाला, ह्याला गाड्यांकडे टाका. महाडात काम शिकलो आणि पोलादपुरात हायवेला स्वतःचं पत्र्याचं गॅरेज टाकलं, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. लोक मला कानवाला मिस्तरी म्हणतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे, आणि गिऱ्हाइकाला घाम फुटेपर्यंत थांबायचं. आता मोटरसायकलच्या क्लचचंच घ्या. लिवर सोडल्यावर खडखड आणि दाबल्यावर बंद, तर क्लचचं हाउसिंग ढिलं. दाबल्यावर बारीक शिट्टी, तर आतली बेअरिंग गेली. येवढं सोपं हाय, पण ऐकू यायला पायजे ना!

तर काय सांगू तुम्हाला, गेल्या मे महिन्यात माझा मेव्हणा पांडू आईला न्यायला आला. त्याचं गाव वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, आणि सासूबाई आठ दिवस लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे होत्या. पांडू म्हणाला, भावोजी, क्लच दाबला की शिट्टी वाजते, जरा बघा. चार गिऱ्हाइकं उभी, म्हणजे नाटकाला प्रेक्षक पण होता. मी डोळे मिटले. दाब रे, म्हटलं. सोड. परत दाब. कायच नाय! मी म्हटलं, पांडोबा, शिट्टी तुझ्या डोक्यात हाय, लग्न कर, जाईल. सगळे हसले. पांडू बिचारा ओशाळला, आईला मागे बसवून निघाला.

गाडी वळणाआड गेली नाय तोच माझी बायको सुनंदा चहा घेऊन आली नि म्हणते कशी, अवो, ती शिट्टी तशीच ठेवून पाठवलात होय त्यांना? मी म्हटलं, कसली शिट्टी? ती म्हणाली, पार स्वयंपाकघरापर्यंत येत होती. मी हसलो, पण भंगाराच्या डब्यातून एक गेलेली बेअरिंग काढून तिच्या कानापाशी फिरवली. ई, वाजतंय की, म्हणाली. माझ्या उजव्या कानापाशी फिरवली. शांत. डाव्या कानापाशी. शांत! बेअरिंग फिरतेय, मला दिसतेय, बोटांना खरखर लागतेय, आणि आवाज नाय! मटकन टायरावर बसलो. ट्रक ऐकू येतो, बायको ऐकू येते, नुसता बारीक आवाज गेलेला, आणि जाताना सांगून पण नाय गेला.

आणि मग डोक्यात उजेड पडला. ती बेअरिंग घाटात फुटली तर क्लच दाबून पण इंजिन चाकापासून सुटणार नाय, आणि ऐन वळणावर मागे बसलेली कोण, तर सासूबाई! फोन लावला, पण घाटात रेंज कुठली? गिऱ्हाइकाचीच गाडी घेतली आणि सुटलो, प्रत्येक वळणाला दरीत डोकावत.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर बघतो तर गाडी कठड्याला लावलेली, पांडू डोकं धरून उभा, आणि सासूबाई कठड्यावर बसून करवंदं खातायत. म्हणाल्या, या जावयबापू. मी ह्याला सांगितलं, ही गाडी किंचाळते, मी बसत नाय. तर हा म्हणतो, भावोजींनी तपासली. मी म्हटलं, मग भावोजींना बसव.

खोटं बोलता आलं असतं. आवाज आत्ता सुरू झाला असेल म्हणायचं, आम्ही मिस्तरी म्हणतोच. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, मामी, मला ऐकूच आला नाय. बारीक ऐकू येत नाय मला. त्यांचा करवंदाचा हात तोंडापाशीच थांबला.

इंजिन बंद करून पांडूने गाडी उतारावरून हळूहळू खाली आणली, सासूबाई माझ्या मागे. दुकानात झाकण खोललं तर बेअरिंगच्या गोळ्या माझ्या तळहातावर सांडल्या. पांडू वाकून बघत म्हणाला, भावोजी, लग्न करू ना आता?

महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाय. मग मीच हात जोडले, मामी, राहा इथंच. त्यांचा जन्म डोंगरात गेला, हॉर्न नाय की हातोडा नाय, कान कोरे करकरीत. आता त्या स्टुलावर बसतात, मूठ कानाला. डोळे मिटायचं मी शिकवलं नाय बरं, ते आपलं आपणच उचललं. दाब रे, म्हणतात. सोड. मग माझ्याकडे वळून एकच शब्द, शिट्टी. नायतर, खडखड. मी गपचूप पाना उचलतो.

परवा एमआयडीसीत पाळीला जाणारा एक जण म्हणाला, मिस्तरी, आजींनी ऐकल्याशिवाय गाडी नेणार नाय. म्हटलं, बस मग. राग कसला! देव त्यांना आयुष्य देवो आणि कान शाबूत ठेवो. एकच गोष्ट लागते जीवाला. त्यांनी डोळे मिटले की गिऱ्हाइकाला माझ्या वेळेपेक्षा जास्त घाम फुटतो.