शीळफाट्याची सहल

डोंबिवलीच्या एका बँकेत टोकन घेऊन बसलो होतो. पुढच्या बाकावर एक वयस्कर जोडपं.

"विनीत चार वर्षांनी येतोय, तोही शनिवार-रविवार दोनच दिवस. सूनबाईला काय दाखवायचं?"

"शीळफाट्याचं ट्रॅफिक."

"अहो, नीट सांगा. दुर्गाडी किल्ल्यावर नेऊ या?"

"ते अर्ध्या तासात बघून होतं."

"मग खाडीवर?"

"डास चावले की लगेच परत फिरतील. शीळफाट्याला दोन तास सहज जातात."

"मुद्दाम अडकायला कोण जातं?"

"अगं, मागच्या वेळी आला आणि सगळा वेळ मित्रांकडे होता. गाडीत माझ्या शेजारी बसेल. उतरून जाणार कुठे?"

"रविवारी नको मग. शनिवारी संध्याकाळी जाऊ, तेव्हा जास्त अडकायला होतं."