पानिपतचं कव्हर

दिल्लीची धूळ म्हटली की मला मधुराच्या सासूबाई आठवतात. घरोघरी कॉम्प्युटर नुकते यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. मधुरा माझी पुण्याची मैत्रीण, नोएडातल्या फ्लॅटमध्ये बसून प्रोग्रॅम लिहायची. एकदा तिचा रडवेला फोन आला. "यार, प्रोग्रॅम कंपाइल करायला लावला की मशीन अर्ध्यातच मरतंय. सोमवारी द्यायचंय. माझंच काहीतरी चुकतंय."

मी तेव्हा दिल्लीतच होतो, लगेच गेलो. दोनदा चालवून बघितलं, तर दोन्ही वेळा वेगळ्याच ठिकाणी अडकलं.

"चूक तुझी असती तर एकाच ओळीवर थांबलं असतं," म्हणत मी कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला. तवा परवडला! धूळ जाऊ नये म्हणून सासूबाईंनी पानिपतच्या जाड कापडाचं कव्हर शिवलं होतं, मागचा पंखासुद्धा झाकून.

"अगं, मग हे काढत का नाहीस?"

मधुरा हळूच म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. पण आईंनी इतक्या हौसेनं शिवलंय. म्हटलं, आधी माझ्याच चुका शोधू."

सासूबाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, कात्री आणली आणि पंख्यावरचं कापड चौकोनी कापून टाकलं. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "ते मशीन तरी बरं, तापलं की काम टाकून देतं. तू तेवढंही करत नाहीस."