शेजारची सीट

बारामती एमआयडीसीजवळच्या गॅरेजात मी बायकोची स्कूटी सर्व्हिसिंगला दिली होती. ती गेल्यापासून स्कूटी बंदच होती. बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. समोर त्यांची जुनी, दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार उभी होती. तिला दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून झालं होतं.

“इंजिन एवढं दांडगं बसवलं, मग ब्रेक जुनंच का?” ती नवऱ्याला विचारत होती.

“नवं ब्रेक पुढल्या आठवड्यात येतील. तवर हळू चालवतो.”

“तुमी आन हळू? वरातीत घोडीसुद्धा पळवली तुमी.”

“सोनम, तिकडं वरकुट्याला आबा नारळ घेऊन थांबल्यात. चाकाखाली ठेवायला लिंबं आणल्यात. सगळी आळी गोळा केलीया.”

“आन भवानीनगरला उसाची ट्रॉली आडवी आली तर?”

“न्हाय येत.”

“कारखाना चालू हाय, आन म्हणं न्हाय येत!”

“लोक हसतील गं. कधीपासून सांगतोय, गाडी घेऊन येतो म्हणून.”

“बरं. मग मीबी येते.”

“तू कशाला?”

“सीटा दोन हायत न्हवं? एक माझी. उघडा दार.”

तो उठून गाडीपाशी गेला, पण दार उघडलं नाही. मग त्यानं फोन लावला.

“आबा, गाडी आज येत न्हाय. ब्रेक बदलल्याबिगर रस्त्यावर काढत न्हाय... व्हय, मीच बोलतोय.”

“काय म्हणाले आबा?”

“म्हणाले, एवढं शहाणपण तुझं न्हाय. सूनबाईला फोन दे.”