गोदेचं शेवटचं रीळ

हॅलो?… हॅलो, कोण, गंगव्वा अक्का का?… मी मल्लेश्वरमहून हेमलता. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या कल्पनाची वहिनी… हो, हो, ऊट आयितु, जेवण झालं. तुमचं?… बरं अक्का, कल्पनाला स्वल्प हाक मारता का खाली? अर्जंट आहे… नाही हो, कोणी गेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत. हाक तर मारा.

प्रतिमा, तू आत जा बघू. दाराआड उभी राहू नकोस, पदर दिसतोय तुझा.

हां, कल्पना? अगं धापा काय टाकतेस? जिन्यावरून पडली असतीस… नाही गं, आजारी कोणी नाही. धाकट्याचा गोवर कसा आहे?… उतरतोय ना, मग झालं. आता मला आधी सांग, तुझ्या नणंदेचा उमाकांत घरात आहे का?… आहे. जीव भांड्यात पडला माझा. काय करतोय?… ट्रंक काढली माळ्यावरून? अगंबाई. पुण्याला जायचं म्हणतोय?… आणि जेवला का?… दोनच पोळ्या म्हणजे जेवला की. उपाशी नाही ना, मग अजून आशा आहे.

काय म्हणाला?… हं… 'ज्यांनी भर सभेत मला खोटारडा ठरवलं त्यांच्या घरी मुलगी बघायला मी पाऊल टाकणार नाही.' असं म्हणाला? अगदी बरोबर म्हणाला. मी त्याच्या जागी असते तर कालच गाडीत बसले असते… अगं, मी हसत नाहीये. म्हणजे हसतेय, पण त्याला नाही. काल मला रडू येत होतं आणि आज सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं माझं. थांब, तू ऐक ना. त्यानं तुला काय सांगितलं कालचं?… काहीच नाही? मग मी सांगते पहिल्यापासून. आणि गंगव्वा अक्का तिथंच उभ्या असतील तर त्यांना म्हणावं खुर्ची घ्या. बेळगावच्या आहेत, सगळं मराठी कळतं त्यांना, आणि माझा आवाज त्यांच्या फोनमधून जिन्यापर्यंत जातो, मला ठाऊक आहे.

तर काल संध्याकाळी आपल्या मराठी मंडळाचा दसरा. दर वर्षी तेच नाट्यगीत आणि त्याच भेंड्या, म्हणून यंदा ठरलं, सिनेमावरचे प्रश्न. ज्यानं त्यानं एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, आणि तुझा दादा परीक्षक… हो ना, दुसरं कोण असणार? कोट, टाय, समोर पितळी घंटी, आणि चेहरा असा की कारखान्यात विमानाचा पंखाच तपासायला घेतलाय. उत्तर बरोबर आलं की एकदा टण. चूक आलं की दोनदा. आणि फळ्यावर गुण लिहायला आमची प्रतिमा.

कल्पना, काय बोलतो गं तो उमाकांत. मला वाटलं होतं संशोधनवाला मुलगा, चष्मा, काडीपैलवान, ह्याला सिनेमातलं काय कळणार. पहिलीच चिठ्ठी, मुक्या सिनेमांच्या काळातली. बायकांची कामं कोण करायचं? हा म्हणाला, अगदी सुरुवातीला पुरुषच करायचे, पण मिश्या उतरवायला सांगितलं की रुसून बसायचे. टण. मग बोलपट नवे निघाले तेव्हा पेटीवाले-तबलेवाले कुठे असायचे? तर झाडामागे. नटी गात गात पुढे निघाली की तबलेवाला तबला कवटाळून मागून सरपटत जायचा, चित्रात दिसता कामा नये म्हणून. अगं, त्यानं ते करून दाखवलं. तिथंच सतरंजीवर… नाही तर काय. परसू डॉक्टरांची सून हसून हसून उचकी लागून बाहेर गेली.

पौराणिक सिनेमात देव अदृश्य कसा होतो?… तुला येतंय? सांग… बरोबर. कॅमेरा थांबवायचा, देवाला म्हणायचं बाजूला व्हा, मग परत सुरू करायचा. यल्लव्वा मावशींना इतका राग आला. म्हणाल्या, मी चपला बाहेर काढून बघितला होता तो सिनेमा, आता आधी का नाही सांगितलंत. आणि डबल रोल. हणमंतराव म्हणाले, जुळे भाऊ आणत असतील. सचिव म्हणे मंडळाचे. उमाकांतनं समजावलं, अर्धी काच झाकायची, एकदा थोरला होऊन उभं राहायचं, फिल्म मागे घ्यायची, मग दुसरी बाजू झाकायची आणि धाकटा व्हायचं. हणमंतराव म्हणाले, त्यापेक्षा जुळे स्वस्त पडतील.

सगळ्या काळातलं ठाऊक बघ त्याला. स्टंटपटातली ती बुरखा घालून चाबूक फिरवणारी असो, कँटोन्मेंटातल्या इंग्रजी सिनेमातले घोडेवाले असोत. पिस्तुलात गोळ्या सहा, मग समोरचे सगळे मरतात कसे, तर म्हणाला, नायकाच्या पिस्तुलाला तळच नसतो. सबंध सिनेमा काळापांढरा आणि एकच गाणं रंगीत का? तर रंगीत फिल्म महाग, म्हणून नायिकेनं स्वप्न एकदाच बघायचं. आणि हे बोलताना नजर कुठं गेली सांगू? फळ्याकडे. आमची बया गुण लिहायच्या ऐवजी खडू हातात धरून उभी… मोडला की. दोन तुकडे. मी पाहिलं ना पहिल्या रांगेतून. तेव्हाच मनात म्हटलं, उद्याचे पोहे नावालाच करायचे, बाकी सगळं इथंच जमलंय.

हो, सांगते, तिथंच येतेय. शेवटची चिठ्ठी. उमाकांत आणि मंडळातला देवाप्पा बरोबरीत. चिठ्ठीत काय, तर गोदेच्या सिनेमात सगळ्यात शेवटी पडद्यावर काय दिसतं?… हो, आपला गोदेचा सिनेमा. मास्तरांची मुलगी गोदा, नवरा घराबाहेर काढतो, मग पश्चात्ताप होऊन न्यायला येतो. मंडळानं जुनी प्रिंटच घेऊन ठेवलीय नाही का, दर दोन वर्षांनी रविवारी सकाळी दाखवतात. तू सांग, शेवटी काय दिसतं?… बैलगाडी. बरोबर. गाडीत गोदा हसते, घुंगरं वाजतात, आणि मग पडद्यावर आपली ती काचेची पाटी, 'मंडळ आपले आभारी आहे'. अख्ख्या बेंगळुरातल्या मराठी माणसाला झोपेत विचार, बैलगाडीच सांगेल.

उमाकांत म्हणाला, रिकामा पाळणा.

हो. म्हणाला, गोदा बाळंतपणात जाते, बाळही जातं, शेवटी वाऱ्यानं हलणारा रिकामा पाळणा दिसतो. आधी सगळे हसले. कोणी म्हणालं, अहो तो दुसरा सिनेमा. हा म्हणाला, पुण्यात मी तीनदा पाहिलाय. आणि कल्पना, तुझा दादा असा ताडकन उठला. लालबुंद. घंटी दोनदा नाही, चार-पाचदा बडवली. 'साफ खोटं. थापाड्याला मंडळात बक्षीस मिळत नाही.' थापाड्या म्हणाले गं, होणाऱ्या जावयाला. बक्षिसाचा स्टीलचा डबा देवाप्पाला. उमाकांतनं सगळ्यांना नमस्कार केला आणि चालता झाला. प्रतिमा तशीच पाठमोरी, फळा पुसतेय, पुसतेय…

नाही, मी काही बोलले नाही घरी. भांडी मात्र जोरात घासली. आणि तुझ्या दादानं सकाळीच पिशवी उचलली. केळी आणायला म्हणून बाजारात गेलेत ते अजून नाहीत. आणि ते गेले नि हणमंतराव आले. सतरंज्या मोजायच्या म्हणून आले आणि खुर्चीत बसून हसायलाच लागले. मी म्हटलं, भावजी, आमच्या मुलीचं लग्न मोडायला आलंय, तुम्ही हसता काय? तर म्हणाले, वहिनी, आता इतकी वर्षं झाली, सांगून टाकतो. पोरगा खरं बोलत होता.

…हो. पाळणाच आहे. गोदा मरते… अगं ऐक, ऐक ना पुढे. शेवटचं रीळ मंडळाच्या कपाटात आहे, पहिल्यापासून. इथं कधी लावलंच नाही कोणी. आपण सगळे मेले बारा वर्षं एक रीळ कमी सिनेमा बघतोय आणि टाळ्या वाजवतोय… हो ना. हणमंतरावांच्या वहिनी हुबळीला बघून आल्या होत्या, त्या बिचाऱ्या दरवेळी म्हणायच्या की ती मरते, आणि आपण म्हणायचो तुमचा घोटाळा होतोय. शेवटी त्यांनाही बैलगाडी आठवायला लागली. मला इतकं हसू आलं, मी डोळे पुसत होते पदरानं.

मग मी विचारलं, पण लावलं का नाही? कोणाचं डोकं हे?

तर ते हसायचे थांबले.

कल्पना… एकावन्न साल. आठवतंय ना तुला? प्रतिमेच्या पाठचा माझा गेला ते… हं. आठव्या महिन्यात. नाव ठेवायलाही थांबला नाही. मी दोन महिने घराबाहेर पडले नव्हते. तूच मागे लागलीस, वहिनी, रविवारी सिनेमाला चल. तर आदल्या दिवशी प्रिंट आली रेल्वेनं, आणि कुठं फाटलीय का बघायला म्हणून हे आणि हणमंतराव थिएटरात बसले. दोघंच. शेवटी तो पाळणा आला. हे उठून वर ऑपरेटरकडे गेले, म्हणाले, उद्या हे रीळ लावायचं नाही. हणमंतराव म्हणाले, अहो दामोदरपंत, गोष्ट अर्धवट राहील. तर म्हणाले, राहू दे. उद्या ती येणार आहे.

…तू रडू नकोस. तू रडलीस तर मी रडेन आणि प्रतिमा ऐकतेय.

आणि मी गं, मी बारा वर्षं मनात धरून बसले होते, की ह्या माणसाला काहीच वाटलं नाही. चौथ्या दिवशी हे कारखान्यात गेले होते, डबा घेऊन. बाळाचं नाव काढलं नाही कधी. मी म्हणायचे, दगड आहे. आणि काल तो पोरगा पाळणा म्हणाला तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. म्हणून हे ओरडले गं. त्याच्यावर नाही, त्या पाळण्यावर… कोण रडतंय? गंगव्वा अक्का? पाणी दे त्यांना.

मला काय वाटतंय सांगू, ह्या वयात शोभत नाही, पण आज सकाळी मी वेणीत मोगरा घातला. प्रतिमा म्हणाली, आई, बघायला मला येणारेत… हस, हस तू.

तर आता काम ऐक. हे सगळं तू उमाकांतला सांग. आत्ताच. आणि म्हणावं, पाचला ये, झालं गेलं विसर. पण यांच्यासमोर विषय काढायचा नाही. मला कळलंय हे यांना कळता कामा नये, इतकी वर्षं सांभाळलंय त्यांनी… जिन्यातच उभा आहे? सगळं ऐकलं? बरं झालं, विचार त्याला… विचार ना, मी थांबते.

…प्रतिमा, काही नाही, तू पोहे भिजव. विचारतेय ती.

हां… हं… काय म्हणतो? 'तुमच्या वहिनींबद्दल आदर आहे, पण मी शंभर माणसांत खोटा ठरलो त्याचं काय?'… 'उद्या सासऱ्यांना माझा शब्द खरा वाटणार नाही'… हो गं, त्याचंही खरंच आहे. एक शब्द हवा त्याला, त्यांच्या तोंडून. पण तो शब्द काढायचा तर ह्यांना माझ्यासमोर… नाही कल्पना, मी नाही सांगणार त्यांना. मुलीचं लग्न पाहिजे मला, पण तेही नको… मला नाही सुचत. तू सांग काय करू…

थांब. फाटक वाजलं. आले वाटतं.

…हो, मग काय, साबुदाणा महागच झालाय जयनगरात… आलात? केळी ठेवा टेबलावर. कल्पनाच आहे. गोवर उतरतोय धाकट्याचा… उमाकांत? आहे ना, घरीच आहे… अहो, बसा तरी, घामाघूम झालाय… काय सांगू त्याला?

…

कल्पना, ऐकतेयस? हे म्हणतात, उमाकांतला सांग, परीक्षक चुकला. शेवटी पाळणाच आहे… हो, आत्ता म्हणाले. माझ्यासमोर उभे राहून. पुढच्या रविवारी मंडळात उभे राहून सांगणार म्हणतात, आणि शेवटचं रीळ लावणार म्हणतात… जा, त्याला सांग तू… काय?… येतो म्हणाला? प्रतिमा, येतोय गं तो. अगं सांडू नकोस ते.

…अहो, तुम्ही असे काय बघताय माझ्याकडे? मरते ना शेवटी गोदा?… बरं. मरू दे हो तिला. आता सोसेल मला… या, इथं बसा माझ्याजवळ.

कल्पना, ठेवते गं. पाचला नको, सहाला पाठव त्याला. तुझ्या दादाला रडू आलंय.