बुरुलाईचा भविष्यकाळ

किर्गिझस्तानातल्या ओशच्या विमानतळावर इंग्रजीच्या शिक्षिका आयझिरेकबाई इंग्रजी पुस्तक वाचत बसल्या होत्या. शेजारी एक नवरा बायकोची, बुरुलाईची, उजळणी घेत होता. ती स्ट्रॉबेरी तोडायला इंग्लंडला निघाली होती.

“‘माझा नवरा घर चालवतो.’ म्हण बघू इंग्रजीत.”

“चालवायचा. भूतकाळ लागेल.”

“चार शब्द काय शिकलीस, जीभ वळवळायला लागली! आता माझं चहापाणी कोण बघणार?”

“‘मी बघायचे.’ हाही भूतकाळच.”

“क्लासात भविष्यकाळ शिकवलाच नाही वाटतं?”

“शिकवला ना.”

बुरुलाईने इंग्रजीत एकच वाक्य म्हटलं आणि बॅग उचलून ती चालू लागली.

“ताई, काय म्हणाली हो ही?”

“‘मी परत येणार नाही.’”

“हॅ! व्याकरण चुकलं असेल तिचं.”

“नाही हो,” आयझिरेकबाई म्हणाल्या, “अगदी बिनचूक होतं.”