शंभर किलोमीटर झाले की

— नाही, बसणार नाही मी, अबू हारिस. राहू द्या खुर्ची. आणि पाना खाली ठेवा म्हणू नका, तो हातात आहे म्हणून तर मी नीट बोलतेय. दुकानाची काच फोडली ती फोडली — तुमच्या त्या चकचकीत चकत्या ओळीनं मांडलेल्या बघितल्या आणि हात आवरला नाही. स्पेसर म्हणता ना तुम्ही लोक त्यांना? चाकामागे चकती बसवायची, चाक दोन बोटं बाहेर आणायचं, की गाडी छाती काढून उभी राहते — हेच सांगितलंत ना माझ्या नवऱ्याला? आता मुतासिम बघा कसा उभा राहतोय. दोन्ही पाय मोडलेत, कमरेत सळ्या घातल्यात. अझरकच्या रस्त्यावर डावं चाक सुटून गाडीच्या पुढे धावत गेलं म्हणे, आणि गाडी ट्रकखाली. तुम्ही पाहिलीत का ती गाडी? मी पाहिली. सीटच्या स्पंजात रक्त मुरलं होतं. बोट दाबलं की वर येत होतं — दाबलं मी, हो, दाबून बघितलं.

माहितेय मला, आज दुपारी असरच्या नमाजानंतर तुमची माणसं आमच्याकडे येणार. तुमचे काका पुढे बसतील, कॉफी समोर ठेवली जाईल, आणि माझे सासरे माफ केलं म्हणेपर्यंत कुणी ती तोंडाला लावणार नाही. एकदा प्यायले की संपलं — मग मुतासिम इस्पितळातून घरी आला तरी त्याला हा विषय उकरता येणार नाही. म्हणून तर धावत आले. तुम्ही तिथं एवढंच म्हणायचं, चूक माझी, नट मी नीट आवळले नाहीत. बास. पुढे एक शब्द नाही. त्या फोनचा विषयच काढायचा नाही.

कसला फोन म्हणून काय विचारता? भोळेपणा नको हं माझ्यापुढे. गुरुवारी संध्याकाळी दुकानातून फोन आला, मुतासिम न्हाणीघरात होता, मी उचलला. शंभर किलोमीटर झाले की गाडी आणायला सांगा, चाक काढून आतले नट परत आवळायचे राहिलेत, तोवर लांब जाऊ देऊ नका — दोनदा सांगितलंत. मी दोनदा हो म्हणाले. शिकले नसेन फार, पण ऐकू येतं मला. आणि शंभर तर कधीच झाले होते — आठवडाभर गावातच मिरवत होता. रोज संध्याकाळी गाडी दारात उभी करायची आणि मला उकिडवं बसवायचं, बघ, चाक मडगार्डच्या बरोबर रेषेत आलं की नाही. मी एकदा म्हणाले, बेडकासारखी दिसते. चेष्टेनं म्हणाले हो. त्यानं माझा हात धरला, दाराच्या फटीत ठेवला आणि दार लावलं. ही बघा, ही दोन बोटं वळत नाहीत. सासूबाईंनी हळद लावली आणि म्हणाल्या, तू त्याच्या गाडीला नावं ठेवतेस कशाला.

माझं काय, मी सोसलं असतं. सोसतच होते. पण त्या गुरुवारी तालीननं — चार वर्षांची पोर आहे हो माझी — नव्या चाकावर खडूनं फूल काढलं. पुसलं की जाणारा खडू. मुतासिमनं तिला केसांना धरून उचललं आणि तोंड त्या चाकावर आपटलं. एकदा नाही. मी मध्ये पडले तर मला लाथेनं बाजूला केलं आणि पुन्हा आपटलं. मग पाण्यानं आधी चाक धुतलं. आधी चाक, अबू हारिस. नंतर न्हाणीघरात शिरला गाणं गुणगुणत, आणि मी पोरीचं तोंड पुसत होते तेवढ्यात फोन वाजला.

विसरले मी. हो, विसरलेच — अशा वेळी कुणाच्या लक्षात राहतं नट आवळायचं? दुसऱ्या दिवशी शुक्रवार, शुक्रवारी तो तालीनला घेऊन अझरकला मित्राच्या मळ्यात जातो, दर शुक्रवारी. त्या दिवशी नाही पाठवली. ताप होता तिला. तापच होता — बरं, नव्हता ताप. बास? मी सांगितलं ताप आहे. अंगावर दोन गोधड्या घातल्या, कपाळावर ओला रुमाल ठेवला. तो कपाळाला हात लावायला वाकला, पण गोधड्यांनी अंग तापलं होतं पोरीचं. तो एकटा गेला. मी गच्चीवर जाऊन गाडी वळणापर्यंत बघितली. डावं चाक हलत होतं. मला दिसत होतं. हाक मारता आली असती.

म्हणून सांगते, फोनचं नाव निघालं तर तो मला जिवंत ठेवणार नाही, आणि तालीन त्याच घरात राहील, माझ्याविना. तुम्हाला काय, तुमची माणसं माफी मागून सुटतील. तुम्ही नुसतं —

काय म्हणालात? पुन्हा बोला. तुमच्या भावानं? तो आवाज — इसामचा होता? आणि त्यानं तुम्हाला सांगितलंच नाही?

म्हणजे इतके दिवस तुम्ही समजत होतात, आम्हाला कुणी कळवलंच नाही. सगळं स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसला होतात. आज आपणहूनच चूक कबूल करणार होतात. मी आले नसते तरी.

बघू नका असे माझ्याकडे. छाती हलकी झाली तुमची, दिसतंय मला. होऊ द्या. मी कोण नको म्हणणारी? हा घ्या पाना. फक्त काय करणार ते आत्ता सांगू नका, मला घरी जाऊन पाहुण्यांसाठी सतरंज्या घालायच्यात. हात धुवा, निघा तुमच्या माणसांकडे. बाईमाणसाबरोबर दिसायला नको तुम्ही.

तालीन? बरी आहे. वरचे दोन दात गेले. दुधाचेच होते.

जा तुम्ही.